आपण नेमके कुठे उभे आहोत? शहरावर भूतकाळ बसवण्याच्या सहाशे वर्षांचा धागा

#धागा #इतिहास

१.
मोबाइल समोरच्या इमारतीवर रोखावा आणि पडद्यावर त्याच जागी शतकापूर्वीची वास्तू उभी राहावी, हे दृश्य आता फारसे नवलाचे राहिलेले नाही. याला ऑगमेंटेड रिॲलिटी म्हणतात. मराठीत संवर्धित वास्तव. त्यातली चित्रकारी सर्वांना दिसते. खरे अवघड काम मात्र नजरेआड राहते. ते म्हणजे जुनी भिंत आजच्या रस्त्यावर नेमकी तिच्या जागी बसवणे. हा धागा त्या कामाच्या इतिहासाचा आहे. मोठा आहे, सवडीने वाचावा.

२.
आधी अडचण समजून घेऊ. चित्र जागेवर बसवायचे तर पाहणारा कुठे उभा आहे आणि कोणत्या दिशेने पाहतो आहे, या दोन्ही गोष्टी यंत्राला ठाऊक हव्यात. समजा एक वाडा आपल्यापासून ५० मीटरवर आहे. दिशा ओळखण्यात केवळ एका अंशाची चूक झाली, तर चित्र सुमारे ८७ सेंटिमीटर सरकते. म्हणजे दरवाजा भिंतीत जातो. स्थानात पाच-सात मीटरची चूक झाली, तर आख्खा वाडा शेजाऱ्याच्या घरावर जाऊन बसतो.

३.
हा प्रश्न संगणकाहून कितीतरी जुना आहे. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्लोरेन्स शहरात फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने एक प्रयोग केला. त्याचे वर्णन चरित्रकार अंतोनिओ मानेत्ती याने लिहून ठेवले आहे. ब्रुनेलेस्कीने कॅथीड्रलच्या दारातून समोरच्या बाप्तिस्मागृहाचे चित्र एका फळीवर रंगवले आणि फळीला भोक पाडले. पाहणाऱ्याने फळीच्या मागून भोकाला डोळा लावायचा आणि दुसऱ्या हातातल्या आरशात त्या चित्राचे प्रतिबिंब पाहायचे.

४.
आकाश मात्र त्याने रंगवलेच नाही. तिथे झिलईदार चांदी लावली. त्यामुळे चित्रातल्या वास्तूवर खरे आकाश आणि वाऱ्याने सरकणारे खरे ढग दिसत. कल्पित आणि प्रत्यक्ष यांची एकाच चौकटीत सांगड घालण्याचा हा प्रयोग भर शहरात, उघड्यावर झाला. यातली युक्ती भोकात आहे. ते भोक पाहणाऱ्याचा डोळा एकाच बिंदूवर खिळवते. ‘तू कुठे उभा आहेस?’ या प्रश्नाला ब्रुनेलेस्कीचे उत्तर सरळ होते: मी सांगतो तिथेच.

५.
पाहणाऱ्याला खिळवून न ठेवता त्याचे स्थान शोधता येईल काय? १८४१ मध्ये जर्मन गणिती योहान ऑगस्ट ग्रूनर्ट याने यातल्या एका मूळ कोड्याची उकल मांडली. आपल्याला तीन खुणा दिसत आहेत, त्यांच्या जागा ठाऊक आहेत आणि त्यांच्या दिशांमधले कोन मोजता येतात. तर आपण कुठे उभे आहोत? गणिताने चारपर्यंत उत्तरे निघू शकतात. त्यांतले खरे कोणते, हे चौथी खूण ठरवते. हे नाव लक्षात ठेवावे. धाग्यात पुढे ते परत येणार आहे.

६.
१८५८. जर्मनीतील वेट्झलार. आल्ब्रेख्ट मायडेनबाउअर या तरुण वास्तुविशारदावर तिथल्या कॅथीड्रलची मोजमापे घेण्याचे काम होते. उंचावर मोजमाप करताना तो पडता पडता वाचला. जीव धोक्यात घालून भिंतीवर चढण्यापेक्षा छायाचित्रावरूनच मोजमाप का करू नये, हा विचार त्याच्या मनात तिथून रुजला. छायाचित्र ही आठवण तर असतेच. पण कॅमेरा कुठे होता हे ठाऊक असेल, तर तेच छायाचित्र मोजपट्टीही होते.

७.
या पद्धतीला पुढे फोटोग्रामेट्री हे नाव मिळाले. १८८५ मध्ये मायडेनबाउअरच्या नेतृत्वाखाली बर्लिनमध्ये प्रशियाची राजकीय मोजचित्र संस्था सुरू झाली. ऐतिहासिक वास्तूंची हजारो छायाचित्रे काचेच्या पट्ट्यांवर पद्धतशीर घेतली गेली. वास्तू नष्ट झालीच, तर तिची मापे उरावीत, हा त्यामागचा हेतू. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वास्तूंच्या पुनर्बांधणीत अशा मोजचित्रांचा प्रत्यक्ष उपयोग झाला. शहर वाचवायचे तर त्याचे चित्र आधी घेऊन ठेवावे लागते, हा धडा इथला.

८.
आता विसाव्या शतकाकडे वळू. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढवायचा दृश्यपट सादर केला. त्यातून समोरची खरी खोली दिसे आणि तिच्यात संगणकाने आखलेल्या तारांच्या आकृती तरंगत. डोके किती वळले हे मोजण्यासाठी छतावरून एक यांत्रिक दांडा लोंबत असे. त्यावरून ‘डॅमोक्लिसची तलवार’ हे टोपणनाव पडले. ब्रुनेलेस्कीचा प्रेक्षक भोकाशी बांधलेला होता. सदरलँड यांचा छताशी. एवढे स्वातंत्र्य वाढायला साडेपाच शतके लागली.

९.
‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो १९९० च्या दशकाच्या आरंभी, बोइंग या विमान कंपनीतल्या टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांच्या कामातून. विमानातील तारांच्या जुडग्यांची जुळणी करणाऱ्या कामगाराला योग्य मार्ग डोळ्यांसमोर दिसावा, हा उद्देश होता. अर्थात हे सारे कारखान्याच्या छपराखाली. उन्हात, रहदारीत, उघड्या शहरात जाणे अजून दूर होते.

१०.
ते पाऊल १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पडले. स्टीव्हन फाइनर, ब्लेअर मॅकइंटायर, टोबियास होलरर आणि अँथनी वेबस्टर यांनी ‘टूरिंग मशीन’ तयार केले. पाठीवर संगणकाची भलीमोठी पिशवी, डोक्यावर आरपार दिसणारा दृश्यपट, उपग्रहाकडून स्थान सांगणारे जीपीएस, दिशेसाठी चुंबकीय संवेदक आणि हातात एक छोटा संगणक. एवढा संसार पाठीवर घेऊन आवारात फिरले की इमारतींवर त्यांची नावे तरंगताना दिसत.

११.
नावेच का? कारण नाव थोडे इकडेतिकडे सरकले तरी चालते. वाचणाऱ्याला इमारत कळते. भिंतीचे तसे नाही. कल्पित भिंत खऱ्या जोत्यावर बसली नाही, तर डोळ्याला ती क्षणात खटकते. या क्षेत्राच्या प्रगतीचे एक सोपे माप इथे हाती येते: नावाची पाटी लावण्यापासून भिंत बसवण्यापर्यंतचा प्रवास.

१२.
१९९९ मध्ये याच गटाने, पत्रकारितेचे अभ्यासक जॉन पावलिक यांच्या साथीने, इतिहासाकडे मोहरा वळवला. १९६८ चे कोलंबियातील विद्यार्थी आंदोलन जिथे घडले तिथेच उभे राहून पाहायचे. तसेच विद्यापीठ येण्यापूर्वी त्या जागी असलेल्या ब्लूमिंगडेल मनोरुग्णालयाच्या इमारतींचे त्रिमितीय प्रतिरूप त्यांच्या मूळ जागी पाहायचे. ज्ञानाच्या आवाराखाली दडलेला वेदनेचा इतिहास त्याच हिरवळीवर उभा राहिला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे तंत्र आपले वाटावे, असा हा क्षण.

१३.
तरीही शहर दाद देत नव्हते. नागरी जीपीएसमध्ये अमेरिकी शासनाने मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा मे २००० मध्ये उठली. पण उंच इमारतींच्या घळीत उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि यंत्राला चुकीच्या फुटपाथवर नेऊन ठेवतात. महागड्या उपकरणांनी सेंटिमीटरपर्यंतची अचूकता मिळे, पण मोकळ्या आकाशाखाली. इमारतीतले पोलाद आणि रस्त्यावरची वाहने होकायंत्राची दिशाभूल करतात. म्हणजे हे तंत्र जिथे सर्वांत हवे, तिथेच सर्वांत दुबळे.

१४.
यावर उपाय एकच होता. माणूस अनोळखी चौकात काय करतो? नजर टाकतो आणि ओळखीची खूण शोधतो. यंत्रालाही तेच शिकवायचे. यालाच कॉम्प्युटर व्हिजन, अर्थात संगणकीय दृष्टी म्हणतात. १९९९ च्या सुमारास हिरोकाझू काटो आणि मार्क बिलिंगहर्स्ट यांनी काळ्या चौकटीची छापील खूण ओळखणारी पद्धत आणली आणि ती जगभर वापरली गेली. टेबलावर ती उत्तम चालते. पण आख्ख्या शहराला कागद चिकटवत कोण फिरणार? शहरालाच खूण मानणे भाग होते.

१५.
या वाटेवरचा एक सुंदर टप्पा ग्रीसमधला. युरोपीय संघाच्या साहाय्याने २००० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ‘आर्किओगाइड’ प्रकल्प प्राचीन ऑलिम्पियाच्या अवशेषांवर उभा राहिला. ठरावीक जागांवरून अवशेषांची छायाचित्रे आधीच घेऊन ठेवली होती. पर्यटक त्या जागी आला की कॅमेऱ्यातले दृश्य त्या संदर्भचित्रांशी ताडून पाहिले जाई आणि पडलेल्या खांबांवर हेरा देवीचे मंदिर पूर्ण रूपात उभे राही. स्थळाला काहीही न चिकटवता केवळ पाहून ओळखणे इथे साधले.

१६.
यंत्र ओळखते कसे? चित्रात काही ठिपके विशेष असतात: खिडकीचा कोपरा, कमानीचा कळस, दगडावरचा डाग. १९९९ मध्ये कॅनडातील डेव्हिड लो यांनी अशा ठिपक्यांचे वर्णन आकड्यांच्या ओळीत करण्याची पद्धत मांडली. तिला सिफ्ट म्हणतात. दृश्य थोडे वळले, लहानमोठे झाले किंवा उजेड काहीसा बदलला, तरी ते वर्णन बहुतांशी टिकते. आधीच्या छायाचित्रातले ठिपके आणि आताच्या दृश्यातले ठिपके जुळवले की ओळख पटते.

१७.
पण जुळण्या खोट्याही असतात. एकाच इमारतीला शंभर सारख्या खिडक्या असतील, तर यंत्र गोंधळते. यावरचा तोडगा मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स यांनी १९८१ मध्येच मांडला होता. तीन जुळण्या कशाही निवडा, त्यांवरून कॅमेऱ्याचे स्थान काढा आणि उरलेल्यांपैकी किती जुळण्या त्याला दुजोरा देतात ते मोजा. हे पुन्हा पुन्हा करा. सर्वाधिक दुजोरा मिळेल ते स्थान खरे. तीन खुणांवरून स्थान? होय, हेच ते १८४१ चे ग्रूनर्टचे कोडे.

१८.
थोडे थांबून पाहिले तर ही रीत आपल्या ओळखीची वाटेल. एका बखरीवर विसंबायचे नाही. एक तर्क मांडायचा आणि स्वतंत्र साधने त्याला किती दुजोरा देतात ते तपासायचे. इतिहासात याला साधनचिकित्सा म्हणतात. फरक एवढाच की यंत्र ती एका क्षणात अनेकदा करते आणि यंत्राच्या साक्षीदारांना हेतू नसतो. आपल्या साक्षीदारांना तो असतो.

१९.
२००६ मध्ये केंब्रिजचे गेरहार्ड राइटमायर आणि टॉम ड्रमंड यांनी शहरी दृश्यासाठी मोठे पाऊल टाकले. इमारतींचे छायाचित्रांनी मढवलेले त्रिमितीय प्रतिरूप हातातल्या संगणकात ठेवले. प्रत्येक क्षणी त्या प्रतिरूपातल्या कडा कॅमेऱ्यातल्या कडांशी जुळवायच्या. हात वेगाने हलला तर तोल सावरायला संवेदकांची मदत घ्यायची. वाटेत बस आडवी आली तरी यंत्र पुन्हा जागेवर येई. भिंत आता खरोखर भिंतीवर बसू लागली.

२०.
मात्र प्रत्येक शहराचे प्रतिरूप करणार कोण? २००६ मध्येच नोआ स्नेव्हली, स्टीव्ह साइट्झ आणि रिचर्ड सेलिस्की यांनी दाखवले की इंटरनेटवर पर्यटकांनी टाकलेल्या छायाचित्रांतूनच वास्तूची त्रिमितीय रचना उभारता येते. २००९ मध्ये याच परंपरेतल्या प्रकल्पाने रोमची सुमारे दीड लाख छायाचित्रे एका दिवसाच्या आत जुळवली. मायडेनबाउअरने काचेच्या पट्ट्यांवर जे काम केले, ते आता पर्यटकांच्या हातून नकळत होत होते.

२१.
एक वेगळी वाटही इथे नोंदवायला हवी, आणि तिच्याशी आपला जवळचा संबंध आहे. मूळचे नाशिकचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर यांनी ग्रेग वेल्च आणि हेन्री फुक्स यांच्यासह १९९८ मध्ये मांडले की चित्र पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर ठेवण्याऐवजी प्रकाशाने थेट वस्तूवरच टाकावे. वस्तूच्या पृष्ठभागावर पडलेले चित्र कुठूनही पाहिले तरी जागेवरच राहते. म्हणजे ‘तू कुठे उभा आहेस?’ हा प्रश्न बहुतांशी बाजूलाच पडतो. अट दोन गोष्टींची: अंधार हवा, आणि वस्तू शिल्लक हवी.

२२.
२०१० मध्ये लंडनच्या संग्रहालयाने ‘स्ट्रीटम्युझियम’ हे मोबाइल ॲप काढले. जुनी छायाचित्रे, त्यांत महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांचीही, ती जिथे घेतली त्या रस्त्यावर उभे राहून आजच्या दृश्यावर ठेवून पाहता येत. इथे स्थान जीपीएसने कळे आणि उरलेली जुळणी पाहणारा आपल्या हाताने करी. तंत्र साधे होते. पण प्रत्येक चित्र हा संग्रहालयातला खरा दस्तऐवज होता. या फरकाकडे शेवटी परत येऊ.

२३.
२००७ पासून गूगलच्या गाड्या रस्त्यारस्त्यांची छायाचित्रे घेत होत्या. ही ‘स्ट्रीट व्ह्यू’ची छायाचित्रे म्हणजेच शहरांची संदर्भचित्रे ठरली. २०१८ मध्ये त्यांवर आधारलेली, कॅमेऱ्याने पाहून स्थान ओळखणारी पद्धत जाहीर झाली. २०१९ मध्ये पायी चालणाऱ्यांना रस्त्यावरच बाण दिसू लागले. २०२२ मध्ये ही सोय इतर ॲप बनवणाऱ्यांनाही खुली झाली. ऑलिम्पियातली कल्पना जगभर पसरली. चावी मात्र एका खासगी कंपनीच्या हाती राहिली.

२४.
भारतात या सेवेला वर्षानुवर्षे परवानगी नव्हती. सुरक्षेचा प्रश्न पुढे केला जाई. २०२१ मध्ये केंद्र शासनाने नकाशा आणि भूस्थानिक माहितीचे नियम सैल केले. जुलै २०२२ मध्ये जेनेसिस इंटरनॅशनल आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांनी गोळा केलेल्या छायाचित्रांवर ‘स्ट्रीट व्ह्यू’ दहा शहरांत सुरू झाले. त्यांत मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर ही चार शहरे महाराष्ट्रातली होती.

२५.
इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने कान टवकारावेत. ज्या रस्त्याचे चित्र घेतले गेले, तोच रस्ता अशा यंत्राला ओळखता येतो. जिथे गाडी शिरली नाही ती गल्ली, तो बोळ, तो वाडा त्याच्या लेखी अनोळखी. दफ्तरखान्यात कोणाचे कागद राहिले आणि कोणाचे नाहीत, हा जो आपला जुना प्रश्न, तोच नव्या रूपात पुढे आला आहे. शहराचे दृश्यदफ्तर कोण तयार करतो, कोण राखतो आणि कोणाला वापरू देतो?

२६.
दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. शनिवारवाड्याचा विचार करू. पाया १७३० मध्ये घातला गेला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आग लागून आतल्या इमारती जळाल्या. छायाचित्रणाची कला पॅरिसमध्ये जाहीर झाली १८३९ मध्ये. म्हणजे आगीपूर्वीच्या वाड्याचे छायाचित्र असणेच शक्य नाही. आज उरले आहेत तट, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे अवशेष. उद्या एखाद्या ॲपने त्या जोत्यांवर वरचे मजले उभे केले, तर ते मिलिमीटरपर्यंत जागेवर बसतील. पण त्यांतला किती भाग पुराव्याचा आणि किती कल्पनेचा?

२७.
जुळणी जितकी अचूक, तितका डोळ्याचा विश्वास अधिक. खऱ्या दगडाला चिकटून उभा राहिलेला कल्पित खांब दगडाइतकाच खरा वाटू लागतो. संगणकीय दृष्टी ‘कुठे’ याचे उत्तर देते; ‘काय होते’ याचे देत नाही. लंडनच्या ॲपमागे दस्तऐवज होते. जिथे दस्तऐवज नाहीत, तिथे पुनर्रचना करणाऱ्याने तसे सांगितलेच पाहिजे.

२८.
अभ्यासकांनी हे ओळखले आहे. २००६ मध्ये प्रथम मांडलेली आणि २००९ मध्ये सुधारलेली ‘लंडन सनद’ सांगते की वारशाच्या संगणकीय पुनर्रचनेत पुरावा कोणता, अनुमान कोणते आणि निर्णय कोणत्या आधारावर घेतले याची नोंद ठेवावी आणि ती पाहणाऱ्याला कळावी. पडद्यावर हे करणे अशक्य नाही. पुराव्याचा भाग ठळक, अनुमानाचा पुसट, निव्वळ कल्पनेचा रेषांत. ब्रुनेलेस्कीनेही जे निश्चित रंगवता येत नव्हते, ते आकाश रंगवले नाही. तिथे आरसा ठेवला.

२९.
म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर एखादा गतकाळ उभा राहिला, तर कौतुक जरूर करावे आणि दोन प्रश्नही विचारावेत. या जागेची ओळख यंत्राला कोणाच्या छायाचित्रांनी पटवली? आणि ही भिंत कोणत्या कागदावर उभी आहे? ‘आपण नेमके कुठे उभे आहोत?’ हा प्रश्न सहाशे वर्षे यंत्रांना सोडवावा लागला. इतिहास वाचणाऱ्याला तो रोजच सोडवावा लागतो.

३०.
आपल्या गावातल्या, आता नाहीशा झालेल्या एखाद्या वास्तूची घरच्या संग्रहात जुनी छायाचित्रे असतील, तर ती कुठून, कोणत्या दिशेने आणि साधारण केव्हा घेतली हे मागे पेन्सिलीने लिहून ठेवावे. मायडेनबाउअरचे काम त्याहून फार वेगळे नव्हते. अशी कोणती वास्तू पुन्हा तिच्या जागी पाहायला आवडेल आणि तिच्यासाठी कोणता पुरावा उपलब्ध आहे, ते खाली जरूर लिहा. धागा समाप्त.